‘पुढे हो’ म्हटल्याने मूल पुढे होते का?

‘मुलगी अभ्यासात हुशार आहे, पण चारचौघांत पुढे होत नाही. तिच्यात नेतृत्वगुण यावेत म्हणून काय करावे?’ हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे वर्षभर येतात, आणि जूनमध्ये वर्गावर्गांत मॉनिटर नेमले गेले की त्यांची संख्या हमखास वाढते. इंदिरानगरहून आलेले एक जोडपे त्यांपैकीच होते. त्यांच्या सहावीतल्या मुलीला येथे सई म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, आणि सईच्या खात्यावर तोवर एक वक्तृत्ववर्ग व सुट्टीतली दोन व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे जमा झालेली होती.

पहिल्या भेटीत मी सईला अगदी साधे प्रश्न विचारले: शाळेत कशाने जातेस, डब्यात काय आवडते, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतेस. सवयीने मी वहीत खुणा करत होते. नऊपैकी सात प्रश्नांची उत्तरे आईने दिली होती. सईने पिशवीकडे नुसते पाहिले, तर पाण्याची बाटली झाकण उघडून तिच्या हातात आली. ‘ही बोलतच नाही हो मॅडम,’ असे आई म्हणाली तेव्हा तिच्या स्वरात खरी काळजी होती, त्यामुळे त्या खुणा त्या दिवशी तिला दाखवणे मला बरे वाटले नाही.

त्यानंतर मी केलेली चूक येथे नोंदवायला हवी. वर्गशिक्षिकेशी बोलून मी सईला पंधरा दिवस मॉनिटर करवले. आपल्याकडे मॉनिटरचे मुख्य काम म्हणजे बाई वर्गाबाहेर गेल्या की बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे, हे मी विसरले होते. सईने इमानेइतबारे नावे लिहिली, जिवलग मैत्रिणीचेही लिहिले, आणि दहाव्या दिवशी तिचे पोट दुखू लागले. मुलाच्या हाती पहारेकऱ्याची काठी दिल्याने ते नेता होत नाही. फार तर एकटे पडते.

पुढच्या भेटीत वडिलांना मी एक जुना प्रयोग सांगितला. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या संशोधकांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली आणि गटांवर वेगवेगळ्या धाटणीने वागणारी मोठी माणसे नेमली. निष्कर्ष १९३९ साली प्रसिद्ध झाले. जेथे मोठा माणूस नुसते हुकूम सोडत होता, तेथे तो खोलीबाहेर जाताच काम ढेपाळे. जेथे काय आणि कसे करायचे हे मुलांशी बोलून ठरत होते, तेथे तो नसतानाही मुले काम करत राहत. वडील लगेच म्हणाले, ‘म्हणजे आमच्या शिफ्टसारखंच. साहेब गेटबाहेर गेले की अर्धी लाइन चहाला.’ घरी साहेब कोण, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

गणपती तोंडावर आले होते. त्यांच्या सोसायटीतल्या मुलांच्या संध्याकाळच्या आरतीची व्यवस्था सईकडे द्यावी असे आम्ही ठरवले: ताट कोण धरणार, झांज कोणाकडे, खिरापत कोण वाटणार. आईवडिलांना मी एकच अट घातली. ती विचारायला आली, तर ‘तुला काय वाटतं?’ एवढेच म्हणायचे, आणि काम बिघडले तरी मध्ये पडायचे नाही. कोणाला इजा होण्याची भीती असेल तर गोष्ट वेगळी. ही अट ऐकायला सोपी आणि पाळायला महाकठीण असते.

तिसऱ्या दिवशी पेढे कमी पडले. शेजारच्या विंगेतली मुले पाहुण्यांसह आली होती, आणि डब्यात जेमतेम पंधरा पेढे असताना समोर पंचवीसेक हात होते. वडिलांनी स्कूटरची किल्ली काढली. आईने त्यांचा दंड धरून ठेवला, आणि तो क्षण सांगताना ती अजूनही हसते. सई दोन मिनिटे नुसती उभी राहिली. मग तिने पेढ्यांचे अर्धे-अर्धे तुकडे केले, आधी लहानांना दिले आणि स्वतःच्या मैत्रिणींना हळूच मागे थांबायला सांगितले. दुसऱ्या दिवशी एका अबोल मुलाला तिने आरती सुरू व्हायच्या आधी डोकी मोजायचे काम दिले. हा मुलगा दोन वर्षे त्या आरतीत खांबाला टेकून उभा राहत असे. त्याच्याकडे बघावे, त्याला जमेल असे काम शोधावे, हे सईला कोणी सुचवले नव्हते. अकरा वर्षांच्या मुलीकडून मला याहून अधिक नेतृत्व अपेक्षित नाही.

वडिलांचे मात्र पूर्ण समाधान झालेले नव्हते. ‘पण ती स्टेजवर कुठे बोलते?’ असे त्यांनी विचारलेच. मी म्हटले, कदाचित कधीच बोलणार नाही, आणि बोलायची इच्छा झाली तर ते वेगळे कौशल्य आहे, तेही शिकता येते. तरीही दिवाळीनंतर त्यांनी एका वक्तृत्व स्पर्धेचा अर्ज भरला. शुल्क भरण्याआधी सई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबा, यंदा नको. मला विज्ञान प्रदर्शनात गट करायचाय, आणि त्यात कोण कोण असेल ते मी ठरवलंय.’ त्या गटात फळ्यावर नाव लिहिलेली मैत्रीण पहिली होती.