विमानात घाबरून आरडाओरडा झाला, तर प्रवासबंदी येते का?
आपल्या वडिलांना लिफ्टमध्येही धडधडते. तेव्हा सोलापूरहून विमानाने जाताना त्यांनी आरडाओरडा केल्यास बंदी येईल का, असे आपण विचारले आहे. केवळ घाबरणे हा गुन्हा नव्हे. बेशिस्त विमान प्रवाशांविषयीच्या २०१७ च्या नियमांत शाब्दिक गैरवर्तनासाठी ३ महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीसाठी ६ महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या कृत्यासाठी किमान २ वर्षे बंदी ठरवण्यात आली असून, निर्णय विमान कंपनीची चौकशी समिती घेते. तरीही होटगी रस्त्यावरील विमानतळावर विमानात शिरतानाच हवाई सेविकेला कल्पना द्यावी, म्हणजे त्यांचे अचानक उठणे दंगा ठरणार नाही. असा घबराटीचा झटका साधारणतः १० मिनिटांत कळसाला पोहोचून ओसरू लागतो. तोवर श्वास सावकाश सोडायला लावावा. माझ्या आईने पहिल्या उड्डाणात माझे मनगट इतके आवळले होते की नखांचे वळ संध्याकाळपर्यंत दिसत होते.