आधी डीओ, मग आयसीपी-एमएस

अगं,

तुझा मेसेज बघितला तेव्हाच उत्तर देणार होते पण फोनवर एवढं टाईप करायचा कंटाळा, म्हणून आज बसून लिहितेय. तू विचारलंयस की आयसीपी-एमएसचा, म्हणजे पाण्यातले अगदी थोडे धातूही मोजणाऱ्या मशीनचा, कोर्स करू का, फी बरीच आहे. माझं सरळ मत, आत्ता नको. मशीन वाईट नाहीये, पण तू अजून एकदाही स्वतः नदीवर जाऊन पाणी भरून आणलेलं नाहीस. धातूंचं सॅम्पल असेल तर तिथल्या तिथे नायट्रिक ॲसिड टाकून पीएच 2 च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि पाण्यात कमी दिसतात. मशीनला यातलं काही कळत नाही, ते बिचारं जे दिलं ते मोजतं आणि तीन दशांशापर्यंत छापून देतं.

त्यापेक्षा डीओपासून सुरुवात कर, म्हणजे पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, विंकलरची पद्धत. 1888 सालची आहे, हसू नकोस. मीटर आहे ना लॅबमध्ये असं म्हणशील, आहे, पण तो बरोबर दाखवतोय का हे बघायला शेवटी हीच पद्धत लागते.

300 मिलीची बीओडी बाटली (काचेच्या घट्ट स्टॉपरची) घे, पाणी खळखळाट न करता तळापासून भर, वरून थोडं वाहून जाऊ दे, मग स्टॉपर तिरका धरून लाव म्हणजे बुडबुडा अडकत नाही. अडकला तर ओत आणि परत भर, चालतंय म्हणून पुढे जायचं नाही. मग मँगनीज सल्फेट 1 मिली आणि अल्कली-आयोडाइड-ॲझाइड 1 मिली, पिपेटचं टोक पाण्याच्या आत धरून, हे सगळं काठावरच, लॅबमध्ये येईपर्यंत थांबायचं नाही. बाटली उलटीपालटी केलीस की तपकिरी साका तयार होतो, ऑक्सिजन जितका जास्त तितका गडद. पांढराच राहिला तर समज तिथे ऑक्सिजन नाहीच, पुण्यात मुठेच्या काठावर उन्हाळ्यात असा पांढरा साका मी स्वतः बघितलाय, आकडा यायच्या आधीच पोटात गोळा येतो.

साका खाली बसला की सल्फ्युरिक ॲसिड 1 मिली, परत हलवायचं, साका विरघळून पिवळसर तपकिरी पाणी होतं. त्यातलं 201 मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं (200 नाही, कारण 2 मिली रिएजंटनी बाटलीतलं तेवढंच पाणी बाहेर ढकललेलं असतं, 200 च्या वाट्याला त्यातलं साधारण 1 येतं) आणि 0.025 नॉर्मल थायोनं (सोडियम थायोसल्फेटनं) टायट्रेट करायचं, म्हणजे रंग जाईपर्यंत थेंब थेंब टाकून किती लागलं ते मोजायचं. गवती पिवळा रंग आला की मगच स्टार्च, त्यानं पाणी निळं होतं, आधी टाकलास तर एंड पॉइंट, म्हणजे रंग जायची नेमकी वेळ, ओढत बसतो. निळा पहिल्यांदा गेला तिथे थांब, थोड्या वेळानं परत निळा आला तरी लक्ष देऊ नकोस. जितके मिली थायो लागला तितके मिलीग्रॅम प्रति लिटर डीओ, गणितच नाही.

आणि आकडा आला की आधी स्वतःलाच विचार, हे शक्य आहे का? 25 अंशाला समुद्रसपाटीवर लिटरभर पाण्यात साधारण 8.26 मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, पुणे साडेपाचशे मीटरवर, म्हणजे त्याहून कमीच. तरी हिरव्यागार तळ्यात भर दुपारी 11 मिलीग्रॅम येऊ शकतो, शेवाळाची कमाल, आणि त्याच तळ्यात पहाटे फक्त 3 मिलीग्रॅम. म्हणून वहीत वेळ आणि तापमान लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

ब्लँकचं सांगायचं राहिलं, म्हणजे सॅम्पलच्या जागी शुद्ध पाणी घेऊन तीच टेस्ट करायची. माझ्या पहिल्याच वर्षी विहिरीच्या पाण्यात फॉस्फेट बघत होते, सगळ्या नळ्यांत मस्त निळा रंग आला, म्हणजे फॉस्फेट सापडलं, मी खूश, मनात रिपोर्टसुद्धा लिहून झाला. सिनियरनी एवढंच विचारलं, ब्लँक कुठंय? लावलाच नव्हता. लावला तर तोही निळा. भांडी मीच घासली होती, कपड्याच्या पावडरनं, आणि फॉस्फेट त्या पावडरमधलं. तेव्हापासून फॉस्फेटची भांडी वेगळी ठेवते, साबण नाही, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि मग डिस्टिल्ड वॉटर.

बीओडी, म्हणजे पाण्यातले जंतू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते, डीओ जमल्यावर आपोआप जमेल, आपल्याकडे बाटल्या 27 अंशाला 3 दिवस ठेवतात आणि आधी-नंतरचा डीओ बघतात, त्यामुळे गुरुवारी बाटल्या लावू नकोस, रविवारी उघडायला तुलाच यावं लागेल. सीओडी (तीच घाण जंतूंऐवजी रसायनांनी जाळून मोजायची) मात्र एकटीनं करू नकोस, त्यात डायक्रोमेट, पारा आणि गरम सल्फ्युरिक ॲसिड सगळंच आहे, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतताना दिसलीस तर माझ्याशी गाठ आहे.

पुढच्या शनिवारी सकाळी साडेसहाला काठावर ये, ऊन चढायच्या आत. बर्फाचा डबा मी आणते, तू सहा बाटल्या आण, आणि प्रत्येकीचा स्टॉपर तिचाच आहे ना हे आदल्या रात्री बघून ठेव, स्टॉपरची अदलाबदल झाली की पाणी गळतं.

ताई

ता.क. वही पेनानं लिही, खोडरबर घरी ठेव.