आधी माळावरचं गवत ओळखायला शीक

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बॉटनीत एमएस्सी करू की पर्यावरणशास्त्रात, की सगळं बाजूला ठेवून स्पर्धा परीक्षा, या घोळात बीएस्सीचं शेवटचं वर्ष चाललंय. तुला निसर्गाची ओढ आहे का, हे मी विचारत नाही. माझा प्रश्न एकच आहे: तुझ्या गावच्या माळावरची किती गवतं तुला नावानिशी ओळखता येतात?

पदवीचं आधी उरकून घेऊ. पर्यावरणशास्त्रात हवा, पाणी, घनकचरा, कायदे असं सगळं थोडं थोडं येतं. पाणी तपासणीची प्रयोगशाळा, सांडपाणी प्रक्रिया, प्रदूषण नियंत्रण इथे ते उपयोगी पडतं. बॉटनीत वर्गीकरण घेतलंस तर खोली येते. भारतीय वन सेवा मनात असेल तर तिच्या पात्रतेचे विषय नीट वाच: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही. तुझी बीएस्सी बॉटनीची आहे, त्यामुळे तुझं अडणार नाही. पण तुझ्या मागून येणाऱ्या मुलींना हे प्रवेश घेण्याआधीच सांग. संशोधनात जायचं तर सीएसआयआर नेटचा जीवशास्त्राचा पेपर, यूजीसी नेटचा पर्यावरणशास्त्राचा, किंवा गेटमधला परिसंस्थाशास्त्र व उत्क्रांतीचा पेपर आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. बस. यापैकी काहीही निवड, माझी हरकत नाही. पण यातली एकही पदवी तुला गवत ओळखायला शिकवणार नाही. ते तुलाच शिकायचंय, आणि याच पावसाळ्यात.

गवतच का, असं विचारशील. कारण आपल्याकडचा माळ कागदोपत्री ‘पडीक’ आहे. पडीक म्हटलं की तिथे खड्डे खणून झाडं लावता येतात, सौर पॅनेल बसवता येतात. त्या सौर प्रकल्पांना तर केंद्र सरकारच्या २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखालची परवानगीही लागत नाही. जिथे ती लागते, तिथे बऱ्याचदा पावसाळा वगळून एकाच ऋतूची पाहणी चालते. आपल्या माळावरची बहुतेक गवतं सप्टेंबर ते नोव्हेंबरात फुलतात. मार्च-एप्रिलात पाहणी केली तर गवत वाळलेलं किंवा चरून गेलेलं असतं, आणि अहवालात ‘गवत व झुडपे’ एवढे दोन शब्द उरतात. तिथे कोणीतरी उभं राहून सांगायला हवं की इथे पवना आहे, मारवेल आहे, अंजन आहे, हा जिवंत माळ आहे. चराई वाढली की पवना आणि मारवेल मागे हटतात, कुसळी पसरते; त्याहून वाढली की कुसळीही जाते आणि वर्षायु, म्हणजे एका वर्षात संपणारी, गवतं उरतात. म्हणजे नावं येत असतील तर माळाचं आजारपण वाचता येतं. नावं येत नसतील तर तुझ्या एमएस्सीचा त्या माळाला काय उपयोग?

आता कसं करायचं ते. घरापासून सायकलवर जाता येईल असा एकच माळ धर. राखीव वन किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काडीही उपटू नकोस. चार मीटर सुतळी आणि चार खिळे घेतलेस की एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन होतो. असे दहा चौकोन टाक, पण जागा डोळ्यांनी निवडू नकोस. डोळा नेहमी भरगच्च, फुललेल्या जागेकडे जातो आणि उजाड जागा नोंदीतून निसटते. पावलांचे आकडे आधी चिठ्ठ्यांवर काढ आणि तेवढी पावलं टाकून जिथे पोचशील तिथेच चौकोन मांड. जून ते डिसेंबर, दर पंधरवड्याला.

नमुना मुळासकट घे. नुसतं कणीस तोडलंस तर गवत वर्षायु की बहुवर्षायु हे कळत नाही, आणि अर्धी ओळख तिथेच हुकते. लांब काडी इंग्रजी एन अक्षरासारखी दुमडली की ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या कागदावर बसते. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिही, शाई ओलीने पसरते. रंग जागेवरच लिहून ठेव, वाळल्यावर तो राहत नाही. नमुना वर्तमानपत्रांत दाबून वाळव, आणि पावसाळ्यात ती वर्तमानपत्रं पहिले चार-पाच दिवस रोज बदल. एक दिवस आळस केलास की बुरशी येते आणि कणिशकं, म्हणजे कणसातले बारके घटक, गळतात, मग तो नमुना फेकायच्या लायकीचा.

ओळखताना तीन जागा पाहायच्या. पेर: मारवेलीच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. लिग्यूल: पातं खोडापासून हलकेच मागे ओढलं की सांध्यात पडदा किंवा केसांची झालर दिसते. आणि कणिशक, दहापट भिंगाखाली. कुसळीच्या कणसात खालच्या जोड्यांना कुसळ नसतं, वरच्यांना असतं; फक्त वरचा भाग पाहणारा तिथे फसतो. मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नकोस, आख्ख्या झुपक्याच्या फोटोवरून ते ठोकून नाव देतं. नाव लागलं नाही तर ‘गवत १’, ‘गवत २’ असं लिही आणि शेजारी नमुना क्रमांक टाक. दोन अनोळखी गवतं एका नावाखाली कोंबलीस तर वर्षभराची नोंद वाया गेली.

स्थानिक नाव धनगरांना, गुराख्यांना विचार. तालुका बदलला की नाव बदलतं, म्हणून तिथेही नमुना क्रमांक हवाच. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. त्यात स्थानिक आणि शास्त्रीय नाव शेजारी-शेजारी बिनचूक लिहिणारं माणूस गावात शोधून सापडत नाही. ते तू हो.

तुला वाटेल, हा माणूस गवताचंच टुमणं लावून बसलाय. हो, बसलोय. संख्याशास्त्राचं आर आणि नकाशांचं क्यूजीआयएस, ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, वर्षभरात शिकशील. प्रमाणपत्रांचे कोर्स तर गल्लोगल्ली आहेत. पण सॉफ्टवेअरमध्ये भरायला खरी नावं लागतात, आणि ती माळावर वाकूनच मिळतात. कोळी, मुंग्या, गोड्या पाण्यातले मासे, गोगलगायी, यातलं काही धरलंस तरी मी रागावणार नाही. पण एकच धर, आणि दर सहा महिन्यांनी बदलू नकोस.

डिसेंबरात नमुने घेऊन पुण्याला जा. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आहे. आधी पत्र लिहून परवानगी माग आणि तिथल्या वनस्पतिसंग्रहातल्या कागदांशी तुझे कागद ताडून पाहा. जिथे तुझं नाव चुकलं असेल तिथे खोडरबर वापरू नकोस; जुनं नाव तसंच ठेवून शेजारी नवं लिही, तारखेसह.

पहिल्या पाच नमुन्यांचे फोटो मला पाठव. पेर, लिग्यूल, कणिशक, तिन्ही वेगवेगळे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. एमएस्सीच्या अर्जाचं त्यानंतर बोलू.