राऊटरचा पासवर्ड बदललास का?

वायफायचा नाही रे, राऊटरचा, म्हणजे त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरायचा! ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाक; नाही उघडलं तर राऊटरच्या बुडाखालच्या स्टिकरवर पत्ता बघ. लॉगिनला अजून ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ चालत असेल तर आधी ते बदल. मग डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद कर. त्याचा पिन आठ आकडी दिसतो खरा, पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो, म्हणून जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडतो. २०११ सालीच हे उघड झालंय. वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारांत डब्ल्यूपीए३ असेल तर तेच निवड, नाहीतर डब्ल्यूपीए२. नेटवर्कचं नाव लपवत बसू नकोस, उपयोग शून्य. येणाऱ्या-जाणाऱ्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय, दे. आमच्या ऑफिसात वायफायचा पासवर्ड पाण्याच्या जारवर चिकटवलेला होता. चहावाल्याच्या पोरालाही पाठ झाला होता.