एक्सेलमध्ये सेल निवडायला सांगितल्यावर मॅक्रो ४२४ क्रमांकाची एरर देऊन का थांबतो?

आपला मॅक्रो (एक्सेलमधली कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) वापरणाऱ्याला सेल निवडायला सांगतो, बहुतेक वेळा नीट चालतो, पण मध्येच '४२४, ऑब्जेक्ट रिक्वायर्ड' असा संदेश देऊन 'सेट'च्या ओळीवर, म्हणजे निवडलेली रेंज व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवणाऱ्या नावात) ठेवणाऱ्या ओळीवर, अडतो, असे आपण लिहिले आहे. मी सर्वप्रथम 'कॅन्सल' दाबून पाहीन. ही विचारणा करणाऱ्या 'ॲप्लिकेशन.इनपुटबॉक्स'ला टाइप ८ (सेल निवडून घेण्याचा प्रकार) दिला असेल, तर ओके केल्यावर रेंज हा ऑब्जेक्ट, म्हणजे नुसती किंमत नव्हे तर खुद्द निवडलेले सेल, परत येतो, मात्र कॅन्सल केल्यावर 'फॉल्स' ही साधी बूलियन (खरे-खोटे सांगणारी) किंमत येते. आणि 'सेट'ला उजवीकडे ऑब्जेक्टच लागत असल्यामुळे मॅक्रो तिथेच थांबतो.

यावर 'सेट' काढून टाकणे हा उपाय नव्हे. व्हेरिएबल व्हेरिअंट (कोणतीही किंमत चालणाऱ्या) प्रकारचे असेल, तर त्यात सेलऐवजी सेलमधला मजकूर जाऊन बसतो, आणि रेंज प्रकारचे असेल, तर ४२४ च्या जागी ९१ क्रमांकाची एरर येते.

योग्य मार्ग असा: 'सेट'च्या ओळीच्या लगेच आधी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढे चल) आणि लगेच नंतर 'ऑन एरर गोटू ०' (पुन्हा नेहमीप्रमाणे एरर दाखव) लिहावे, मग व्हेरिएबल 'इज नथिंग' (रिकामे) आहे का ते तपासावे आणि असल्यास मॅक्रोतून बाहेर पडावे. दुसरी ओळ विसरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ती नसली, तर पुढची प्रत्येक चूक मुकाट्याने गिळली जाते आणि पगारपत्रकात चुकीचा आकडा गेला तरी कोणाला कळत नाही. त्यापेक्षा मॅक्रो बंद पडलेला परवडला.

हीच विचारणा लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) असेल, तर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला व्हेरिएबल 'नथिंग' करावे. तसे न केल्यास दुसऱ्या फेरीत कॅन्सल दाबूनही पहिल्या फेरीतली रेंज त्यात शिल्लक राहते, आणि मॅक्रो त्याच सेलवर पुन्हा काम करतो.

एरर न येता एक्सेल गोठल्यासारखे होत असेल, तर कारण वेगळे आहे. लोक सवयीने स्तंभाच्या अक्षरावर क्लिक करतात, आणि एक्सेल २००७ पासून एका स्तंभात १०,४८,५७६ सेल असतात. त्या प्रत्येकावरून फिरताना मॅक्रो बराच वेळ घेतो. म्हणून निवडलेली रेंज आणि त्याच शीटची 'यूज्डरेंज' (प्रत्यक्ष वापरलेला भाग) यांचा 'इंटरसेक्ट' (दोन्हींतला सामाईक भाग) घेऊन तेवढ्यावरच काम करावे. इथे 'ॲक्टिव्हशीट' (त्या वेळी समोर असलेली शीट) न लिहिता निवडलेल्या रेंजची 'वर्कशीट' घ्यावी, कारण दोन वेगवेगळ्या शीटवरील रेंजचा इंटरसेक्ट होत नाही आणि १००४ क्रमांकाची एरर येते. इंटरसेक्टचे उत्तरही 'नथिंग' असू शकते, तेही तपासावे. संपूर्ण शीट निवडली असता सेल मोजणारा 'काउंट' ओव्हरफ्लो होतो, म्हणजे आकडा मावत नाही, कारण त्याच्या लाँग या पूर्णांक प्रकाराची मर्यादा सुमारे २१४ कोटींची आहे आणि सेल सतराशे कोटींहून अधिक; तिथे 'काउंटलार्ज' वापरावे.

एवढे करूनही मॅक्रो अडलाच, तर इनपुटबॉक्सच्या 'डिफॉल्ट'मध्ये (चौकटीत आधीच भरून दाखवायच्या मजकुरात) 'सिलेक्शन.ॲड्रेस', म्हणजे सध्या निवडलेल्या वस्तूचा पत्ता, दिला आहे का ते पाहावे. त्या क्षणी सेलऐवजी चित्र किंवा बटण निवडलेले असेल, तर त्याला ॲड्रेस नसतो आणि ४३८ क्रमांकाची एरर येते; 'टाइपनेम' (वस्तूचा प्रकार सांगणारे फंक्शन) वापरून तपासावे आणि निवडलेली वस्तू 'रेंज' असेल तरच तो पत्ता द्यावा.