शब्द उदास आणि चाल नाचरी, असली गाणी खोटी असतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन गायक पॉल सायमनचं 'ग्रेसलँड' हे गाणं ऐकायचं कसं, शब्द संसार मोडल्याचे आणि चाल पाय हलवणारी, त्यामुळे ते खोटं वाटतं. मला अजिबात खोटं वाटत नाही, आणि याच गाण्यावरून माझं नि दादाचं वाजलेलं आहे, ते अजून मिटलेलं नाही.

२०१४ ला बाबा गेले. परळच्या रेल्वे वर्कशॉपला फिटर होते. अस्थी घेऊन मी, दादा आणि काका दादरहून तपोवन एक्स्प्रेसने नाशिकला निघालो, रामकुंडावर. तांब्या लाल फडक्यात बांधून पिशवीत आणि पिशवी माझ्या मांडीवर, कानात हे गाणं. कसाऱ्याला घाटासाठी मागे बँकर इंजिनं जोडतात ना, तो धक्का बसला की बाबा दरवेळी म्हणायचे "लागला बघ", या वेळी कोणीच काही बोललं नाही. गाडी चढायला लागली नि माझी बोटं त्या फडक्यावर ठेका धरायला लागली, बाबा जेवण वाढेपर्यंत ताटावर धरायचे तसाच. दादाने मनगट पकडलं, "बाबा आहेत ते. लाज बाळग जरा." सगळा डबा बघत होता. मी इयरफोन काढले.

आता गाणं. सायमन १९८५ मध्ये जोहान्सबर्गला गेला, तिथल्या वादकांबरोबर आधी नुसते वाद्यांचे ट्रॅक रेकॉर्ड केले, शब्द नंतर अमेरिकेत परतल्यावर. 'ग्रेसलँड' हा शब्दसुद्धा त्याने तात्पुरता धरला होता, पुढे बदलू म्हणून, तो काही जाईना, मग स्वतःच गाडी काढून ग्रेसलँड, म्हणजे रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीचं घर, बघून आला. म्हणजे दुःखाला वरून रंग लावलेला नाही हो, ठेका आधीच चालू होता आणि दुःख त्यात मागाहून चढलं. गाण्यात बापाबरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे, आणि त्या बापाला सोडून गेलेली ती परत येऊन सांगते की मी गेले, जसं काही याला माहीतच नाही! हे रडक्या चालीत असतं तर मी दुसऱ्यांदा लावलंच नसतं.

पहिल्यांदा शब्द सोडा, बकिथी कुमालो या वादकाची बेस गिटार ऐका, फ्रेटलेस आहे, म्हणजे पडदे नसलेली, सूर घसरत घसरत जागेवर येतात. मोबाईलच्या स्पीकरवर नको, बेस मरतो. शब्द दुसऱ्या खेपेला. आणि दुःखात गाणंसुद्धा रडकंच लावायचं असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ठेका धरणारा माणूस रडत नाही हे ठरवलं कोणी?

हां, घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर मोठ्याने लावू नका, सगळ्यांना सोसत नाही. दादाला नाही सोसलं, आणि बाबांवर त्याचा जीव माझ्यापेक्षा कमी नव्हता.

दादा, तू हे वाचलंस तर एवढंच आठव, रामकुंडावर त्या फडक्याची गाठ तूच सोडलीस. ओली होती म्हणून सुटत नव्हती.