एखाद्या प्रसिद्ध पात्रात 30 टक्के बदल केला की फॅन आर्टचे, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या त्याच्या चित्रांचे, प्रिंट आणि स्टिकर बिनधास्त विकता येतात, हे खरं आहे का?

नाही. टक्क्यांचा असा कुठलाही नियम कायद्यात नाही, तरी चित्रकारांमध्ये तो वर्षानुवर्षं फिरतोय. मीही त्याच्या भरवशावर एका कार्टूनमधल्या पात्राचे स्टिकर विकायला ठेवले होते. केसांचा रंग बदलला, कपडे बदलले, पोझ तर पूर्ण माझी. आठवडाभरात हक्कधारकाची तक्रार आली आणि साइटने ते काढून टाकले. खूप वाईट वाटलं. पण लोक ते स्टिकर घेत होते ते पात्र ओळखू येत होतं म्हणूनच, हेही खरं होतं. कायदाही मूळ निर्मितीतून काय आणि किती उचललं ते आधी बघतो.

चित्र कागदावर उतरलं की कॉपीराइट आपोआप मिळतो. त्यावरून नवी चित्रं करण्याचा, म्हणजे रूपांतराचा हक्कही मालकाकडेच असतो. त्यामुळे चित्राखाली 'श्रेय मूळ निर्मात्याला' लिहिणं सभ्यपणाचं असलं, तरी त्याने परवानगी मिळत नाही. फुकट वाटल्यानेही सगळं आपोआप माफ होत नाही. फक्त हौसेखातर काढलेल्या चित्रांकडे बरेच मालक काणाडोळा करतात. जपानमध्ये चाहते स्वतः छापतात त्या 'दोजिन्शी' पुस्तिका बऱ्याच अंशी अशाच सहनशीलतेवर चालतात. ही सवलत मालक कधीही काढून घेऊ शकतो, हे विसरू नका.

'माझी शैली वेगळी आहे' असंही पुष्कळ जण म्हणतात आणि अमेरिकेतल्या 'फेअर यूज'चा, म्हणजे काही वापरांना परवानगीशिवाय मुभा देणाऱ्या तरतुदीचा, दाखला देतात. तिथलंच चित्रकार अँडी वॉरहॉलचं प्रकरण वाचून माझे डोळे उघडले. लिन गोल्डस्मिथ यांनी 1981 मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला होता. त्यावरून वॉरहॉलने चित्रमालिका केली. पुढे 2016 मध्ये, वॉरहॉलच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, त्याच्या फाउंडेशनने त्यातलं एक चित्र पैसे घेऊन एका मासिकाला छापायला दिलं. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. मासिकात प्रिन्सची छबी छापणं, या एकाच कामासाठी फोटोही चालला असता आणि चित्रही. तेव्हा नुसती वेगळी शैली पुरेशी ठरली नाही. नटनट्यांचे फोटो समोर ठेवून चित्रं काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तिथे छायाचित्रकाराचाही हक्क असतो.

ट्रेडमार्क ही याहून निराळी गोष्ट. नाव किंवा लोगो पाहून हा माल अधिकृत आहे असा गिऱ्हाइकाचा समज झाला, की अडचण सुरू. चित्र निभावून जातं आणि शीर्षकात टाकलेल्या नावामुळे माल उतरवला जातो, असंही होतं. शिवाय कॉपीराइट कधीतरी संपतो, ट्रेडमार्क मात्र वापरात ठेवून नूतनीकरण करत राहिलं तर संपतच नाही. 1928 च्या 'स्टीमबोट विली' या कार्टूनपटातला मिकी माउस 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत कॉपीराइटमुक्त झाला. तो रंगवून तिथे विकता येतो, पण डिस्नेचाच माल वाटेल अशा थाटात नाही.

तुमच्या जागी मी असते तर आधी त्या पात्राच्या मालकाने फॅन आर्टबद्दल काही धोरण जाहीर केलंय का ते शोधलं असतं. काही गेम कंपन्या मर्यादित विक्रीला परवानगी देतात, लोगो न वापरण्याच्या अटीवर. धोरण नसेल तर लेखी परवानगी मागा. लोगो आणि अधिकृत चित्रांवरून केलेलं ट्रेसिंग तर कधीच नको. नोटीस आली तर विक्री लगेच थांबवा, आणि पैशांची मागणी असेल तर उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा.

माझ्या त्या स्टिकरमधली पोझ आणि रंगसंगती माझी होती. ती मी स्वतःच्या एका पात्राला दिली, आणि आता त्याचेच प्रिंट विकते.